बिऱ्हाड कोठे करावे?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल आणि मे महिन्यांत व्हाव्यात, असा कायद्याचा संकेत आहे. बँका आणि विमा कंपन्या यांच्या बदल्यांचे हुकूमही बहुधा याच सुमारास निघतात. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी लातूर, अकोला किंवा सांगली येथील बसलेली घडी मोडून मुंबईत नवी घडी बसवावयाची, असा पेच मग शेकडो कुटुंबांपुढे उभा राहतो. नोकरी ठरलेली असते, पगार ठरलेला असतो, रुजू होण्याची तारीखही ठरलेली असते. ठरलेले नसते ते एवढेच, की बिऱ्हाड कोठे करावयाचे. हा प्रश्न वरवर अगदी खाजगी वाटतो. आपल्या ऐपतीप्रमाणे ज्याने त्याने वस्ती निवडावी, त्यात सार्वजनिक चर्चेचे काय, असे कोणीही म्हणेल. परंतु ज्याला आपण निवड म्हणतो तिचा बराचसा भाग रेल्वेच्या रुळांनी, महापालिकांच्या हद्दींनी आणि भाडेविषयक कायद्यांनी आधीच करून ठेवलेला असतो. उरलेल्या भागात तरी कुटुंबाला डोळसपणे निर्णय घेता यावा, यासाठी या आधीच झालेल्या निवडीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

गावकीचा पत्ता

एके काळी मुंबईला येणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडतच नसे. कोकणातून किंवा घाटावरून गिरणीत कामाला येणारा तरुण गावातून निघतानाच खिशात पत्ता घेऊन निघे. लालबाग, परळ, डिलाइल रोड येथे त्याच्या गावच्या मंडळींची खोली असे. पाळीप्रमाणे त्या खोलीत झोपावयाचे आणि खाणावळीत जेवावयाचे, ही व्यवस्था ठरून गेलेली होती. कारकुनी करणारा मध्यमवर्गीय गिरगावात किंवा दादरला कोणा आप्ताकडे उतरे आणि त्याच्याच ओळखीने जवळपास खोली मिळवी. वस्ती माणूस निवडत नसे. नातेसंबंध त्याच्यासाठी ती निवडत असत. या व्यवस्थेत दाटीवाटी होती, परावलंबित्व होते, जातीपातीचे कप्पेही होते. परंतु कामाची जागा आणि राहण्याची जागा यांत पायी जाण्याइतकेच अंतर होते, ही तिची जमेची बाजू नाकारता येणार नाही.

या व्यवस्थेला सरकारचाही हात लागलेला होता. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने बी.आय.टी. चाळी बांधल्या. पुढे १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे विकास खात्याच्या २०७ बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. त्या भाड्याने देण्यासाठीच बांधलेल्या होत्या. कष्टकऱ्याने घर विकत घ्यावे अशी अपेक्षा त्या काळी कोणी केली नव्हती. जानेवारी १९८२मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विझत गेले आणि त्याबरोबर गावकीच्या खोल्यांचा आधारही विरळ झाला. आज मुंबईत नव्याने येणाऱ्याच्या खिशात नातेवाइकाच्या पत्त्याऐवजी दलालाचा दूरध्वनी क्रमांक असतो.

अंतराचे मोल

दलाल पहिला प्रश्न विचारतो तो भाड्याचा. वस्तुतः पहिला प्रश्न असावयास हवा तो कचेरीचा. मुंबईत अंतर मैलांत मोजत नाहीत, गाडीच्या मार्गावर आणि वेळेत मोजतात. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तीन मार्गांपैकी कोणत्या मार्गावर कचेरी आहे, यावर अर्धा निर्णय अवलंबून असतो. एकाच मार्गावरील वीस स्थानकांचा प्रवास एक वेळ सुसह्य होतो. पण दादर, कुर्ला किंवा अंधेरीला उतरून, जिना चढून, पुन्हा दुसऱ्या गर्दीत शिरावयाचे असेल तर निम्मे अंतरही जिवावर येते.

येथे एका जुन्या समजुतीचा त्याग करावा लागेल. मुंबईची कामे दक्षिणेला आणि घरे उत्तरेला, हे चित्र फोर्ट आणि नरिमन पॉइंट यांच्या वैभवाच्या काळातले. आता कचेऱ्यांचा मोठा भाग वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, पवई, गोरेगाव-मालाड, ठाणे आणि ऐरोली येथे पसरला आहे. ठाणे-वाशी मार्ग २००४ साली सुरू झाल्यामुळे ऐरोलीत काम करणाऱ्याला ठाणे किंवा कळवा जवळचे ठरले. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ साली धावू लागली आणि पूर्व व पश्चिम उपनगरे प्रथमच सरळ जोडली गेली. आरे ते कफ परेड ही साडेतेहेतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण झाली. तेव्हा पाच वर्षांपूर्वी मुंबईत राहून गेलेल्या स्नेह्याचा सल्लाही आज तपासूनच घ्यावयास हवा. अर्थात मेट्रोचे स्थानक जवळ आले की घरमालकालाही ते दिसतेच; प्रवासात वाचलेल्या वेळाची किंमत तो भाड्यात वसूल करतो.

दूर राहावे की जवळ, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, कचेरीजवळच्या घराचे भाडे महिना ३५ हजार रुपये आहे आणि दूरच्या तेवढ्याच घराचे १८ हजार. बचत १७ हजारांची. दूरच्या घरामुळे रोज दोन तास अधिक प्रवास होत असेल, तर महिन्याच्या २५ दिवसांत ५० तास जातात. म्हणजे तासाला ३४० रुपये मिळतात. महिना ६० हजार रुपये पगारावर २०० तास काम करणाऱ्याला तासाला ३०० रुपये पडतात; तेव्हा दूर राहणे कागदावर तरी परवडते. परंतु पती आणि पत्नी दोघेही त्याच दिशेला नोकरीस जात असतील, तर खर्ची पडणारे तास १०० होतात आणि मोबदला तासाला १७० रुपयांवर येतो. दूरच्या घराचा स्वस्तपणा तेथेच संपला.

शिवाय हे तास कोणाच्या वाट्यातून वजा होतात, हेही पाहिले पाहिजे. सकाळची सात वाजून काही मिनिटांची गाडी पकडण्यासाठी साडेचारला उठून डबे भरते ती बहुधा घरातली स्त्री. भाड्यात वाचलेले पैसे घराच्या जमाखर्चात दिसतात; तिची मोडलेली झोप कोणत्याच वहीत चढत नाही. आणि दूरच्या प्रवासाची किंमत कधी कधी याहूनही भयंकर असते. जून २०२५मध्ये मुंब्र्याजवळ भरगच्च गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. ती माणसे हौसेने दारात उभी नव्हती. परवडणारे घर आणि मिळालेले काम यांमधील अंतर त्यांना तेथे घेऊन आले होते.

हद्द बदलली की

मार्ग ठरला, स्थानक ठरले, तरी वस्ती ठरत नाही. मुंबई महानगर म्हणून जे ओळखले जाते ते एक शहर नसून अनेक महापालिकांचा समूह आहे, आणि भाड्याची जाहिरात ही गोष्ट सांगत नाही. बेलापूर आणि खारघर ही हार्बर मार्गावरील लागोपाठची स्थानके. परंतु बेलापूर नवी मुंबई महापालिकेत येते आणि तिच्या मालकीचे मोरबे धरण आहे. खारघर २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत मोडते आणि तेथील पाणीपुरवठ्याचा इतिहास निराळा आहे. एक स्थानक पुढे गेल्यावर घर थोडे स्वस्त मिळते, पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागणार असेल तर तो खर्च सोसायटीच्या देखभाल आकारात येऊन बसतो. दहिसरचा नाका ओलांडून मीरा-भाईंदर आणि वसई-विरारकडे जाणाऱ्यानेही हाच विचार करावा.

दुसरी कसोटी पावसाची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदीच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली. तो प्रसंग अपवादात्मक होता हे खरे. पण हिंदमाता, किंग्ज सर्कल, कुर्ला, मिलन सबवे ही नावे वर्तमानपत्रांत जवळजवळ दर पावसाळ्यात येतात, आणि ती अपवाद म्हणून येत नाहीत. घर पाहावयास लोक सुटीच्या दिवशी दुपारी जातात. त्या वेळी प्रत्येक गल्ली शांत असते, नळाला पाणी आहे की नाही हे विचारण्याचे सुचत नाही आणि स्थानकाचा रस्ताही पाच मिनिटांत संपतो. तेच घर कामाच्या दिवशी सकाळी आठला पाहावे, स्थानकापर्यंत पायी चालून पाहावे, आणि तळमजल्याच्या भिंतींवर ओलीची रेघ कोठवर चढली आहे हे न विसरता पाहावे. पाणी किती तास येते, हे मालकाऐवजी इमारतीच्या रखवालदाराला किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारले तर उत्तर खरे मिळण्याचा संभव अधिक.

न लावलेल्या पाट्या

भाडे परवडते, अंतर जुळते, पाणीही आहे. तरीही घर मिळेलच असे नाही. दलाल आवाज किंचित खाली आणून विचारतो: आडनाव काय, खाणेपिणे काय, कुटुंब आहे की एकटे? मुसलमान, दलित, मांसाहारी, अविवाहित स्त्री, एकटा तरुण यांच्यासाठी या महानगरातील कितीतरी इमारतींच्या दारांवर न लावलेल्या पाट्या आहेत. नकार कधीच लेखी मिळत नाही. ‘मालकाचा विचार बदलला’ एवढेच सांगितले जाते. २०२३ साली मुंबईच्याच एका उपनगरात मराठी असल्यामुळे कचेरीसाठी जागा नाकारल्याची तक्रार चित्रफितीसह पुढे आली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. तो योग्यच होता. परंतु इतरांना रोज मिळणारा हाच नकार मराठी समाजाने इतकी वर्षे मुकाट्याने पाहिला, किंबहुना मराठी घरमालकांनी तो स्वतःही दिला, याचाही विचार त्या निमित्ताने व्हावयास हवा होता.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. संविधानाने धर्म, जात वा लिंग यांवरून भेदभाव करण्यास सरकारला मनाई केली आहे. खाजगी घरमालकाच्या पसंतीवर त्याचा थेट अंकुश चालत नाही. पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला. परिणामी काही समाजांना मुंबईत घर शोधताना शहराचा संपूर्ण नकाशा कधी उपलब्धच नसतो. जेथे नकार मिळत नाही त्या दोन-चार वस्त्यांतून त्यांनी निवड करावयाची, आणि मग ‘ही माणसे एकत्रच का राहतात’ असा प्रश्न इतरांनी विचारावयाचा, हा मोठाच दांभिकपणा आहे.

अकरा महिन्यांचा संसार

सर्व अडथळे पार करून घर मिळाले की करारपत्र समोर येते. त्यात ‘भाडे’ आणि ‘भाडेकरू’ हे शब्द बहुधा नसतात. परवानाधारक, परवाना शुल्क आणि अकरा महिने, अशी भाषा असते. या भाषेमागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठविली. युद्धानंतरच्या टंचाईत ते आवश्यक होते. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पुनःपुन्हा मुदतवाढ मिळून अर्धशतक टिकला. तो टाळण्यासाठी मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली. तेव्हा सरकारने १९७३ साली कायद्यात दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण बहाल केले. जे राहत होते त्यांचे भले झाले. जे पुढे येणार होते त्यांच्यासाठी दारे बंद झाली. एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही, हे भय घरमालकांच्या मनात कायमचे बसले.

१९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा मार्च २००० अखेर अंमलात आला. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडलीच पाहिजे, न सोडल्यास दुप्पट शुल्क भरपाई म्हणून द्यावे, अशी तरतूद त्यात झाली. त्यामुळे घरे पुन्हा भाड्याने मिळू लागली, हे या कायद्याचे श्रेय. पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. जुन्या पागडीच्या घरात राहणारा नाममात्र भाडे देऊन पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित, आणि त्याच्याच शेजारी बाजारभाव मोजणारा नवागत अकरा महिन्यांचा पाहुणा, असे दोन टोकांचे भाडेकरू एकाच शहरात नांदत आहेत. तीन वर्षांसाठी बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला या हिशेबाने चार करार करावे लागतात. प्रत्येक वेळी दलाली, प्रत्येक वेळी वाढीव शुल्क, आणि मालकाने नाही म्हटले तर भर परीक्षेच्या दिवसांत मुलाची शाळा बदलण्याची पाळी.

या स्थितीत नवागताने निदान कायद्याने दिलेले थोडके तरी पदरात पाडून घ्यावे. करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी, ही जबाबदारी १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी झाली नसेल, तर अटींविषयी वाद उद्भवल्यास भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते, जोवर त्याविरुद्ध सिद्ध होत नाही तोवर. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. २० हजार रुपये भाड्याच्या आणि एक लाख अनामतीच्या अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क सहाशे रुपयांच्या आतच भरते. शाळाप्रवेशापासून अनेक कामी पत्त्याचा पुरावा म्हणून हाच नोंदणीकृत करार मागितला जातो. एवढ्या अल्प खर्चासाठी साध्या मुद्रांकावरच्या कागदावर समाधान मानणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचे संरक्षण काढून टाकणे होय. करार करतानाच तो दोन किंवा तीन वर्षांचा मागावा. कायद्याला अकरा महिन्यांचाच आग्रह नाही, तो केवळ रूढीचा आहे.

रिकाम्या घरांचे शहर

येथवर आले की प्रश्न कुटुंबाच्या हातून निसटून राज्यकर्त्यांच्या दारी जातो. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि तीतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. त्याच जनगणनेच्या आधारे केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीने दाखवून दिले की, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती. देशातील कोणत्याही शहरापेक्षा अधिक. शहरी भारतातील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होते, ते २०११पर्यंत २८ टक्क्यांवर घसरले, असेही त्या पाहणीने नोंदविले. घर नाही म्हणून माणूस दूर फेकला जातो आणि माणूस नाही म्हणून घर कुलूपबंद राहते, असा हा विचित्र तिढा आहे.

गेल्या काही दशकांचे गृहनिर्माण धोरण एकाच कल्पनेभोवती फिरत आले: प्रत्येकाला मालकीचे घर. झोपडपट्टी पुनर्वसन असो की बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास, भाड्याने राहणाऱ्याला मालक करणे हेच त्याचे उद्दिष्ट. वरळीच्या चाळकऱ्यांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याबद्दल कोणालाही आनंदच वाटेल. परंतु त्याच वेळी हेही लक्षात घेतले पाहिजे की, शंभर वर्षांपूर्वी नवागतांसाठी म्हणून जी घरे सरकारने बांधली, ती आता मालकीची झाली आणि त्यांच्या जागी नव्या नवागतांसाठी तशी घरे बांधली जात नाहीत. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ साली भाड्याच्या घरांची योजना आणली. ती पुढे मूळ हेतू सोडून विक्रीच्या परवडणाऱ्या घरांकडे वळली. २०२०च्या टाळेबंदीत भाडे थकण्याच्या भयाने लाखो श्रमिक शहर सोडून चालत निघाले, तेव्हा केंद्राला भाड्याच्या घरांची आठवण झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आणि तंट्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा सुचविली. हा केवळ नमुना आहे. कायदा करावयाचा तो राज्यांनी.

महाराष्ट्राला भाडे नियंत्रणाचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कडू अनुभव आहे. मालकाला संरक्षण दिले की भाडेकरू उघडा पडतो आणि भाडेकरूला दिले की मालक कुलूप लावतो, हे १९७३ आणि १९९९ या दोन वर्षांनी शिकविले आहे. यावरचा मार्ग मधला आहे: तीन ते पाच वर्षांचे निश्चित मुदतीचे करार, त्यात आधीच ठरलेली वाढ, अनामतीवर मर्यादा आणि महिन्यांत निकाल देणारे भाडे प्राधिकरण. मुदतीअंती घर परत मिळण्याची खात्री असेल तर मालकाला कुलूप लावण्याचे कारण उरत नाही. रेल्वे आणि मेट्रो यांच्या स्थानकांलगतच्या सार्वजनिक जमिनीपैकी काही भाग तरी न विकता भाड्याच्या घरांसाठी राखून ठेवणे ही त्याची दुसरी बाजू. परिचारिका, शिक्षक, पोलीस शिपाई, बसवाहक यांना हे शहर चालविण्यासाठी बोलवावयाचे आणि राहण्यासाठी मात्र त्यांना साठ किलोमीटरवर पाठवावयाचे, हा व्यवहार फार काळ चालणारा नाही.

तोपर्यंत जूनच्या तोंडावर मुंबईत उतरणाऱ्या कुटुंबाने भाड्याचा आकडा पाहण्यापूर्वी घड्याळ पाहावे, घर पाहण्यापूर्वी नळ आणि रस्ता पाहावा, आणि किल्ली घेण्यापूर्वी करारावर नोंदणीचा शिक्का पाहावा. एवढ्याने त्याचे बिऱ्हाड बरे लागेल. अकरा महिन्यांनंतर ते तेथेच राहील की नाही, याचे उत्तर मात्र त्या कुटुंबाकडे नाही. ते राज्याच्या कायदेमंडळाने द्यावयाचे आहे.